रक्तात साखर आहे, मग मेंदू उपाशी कसा?

पाऊलखुणा | सोमवार, रात्री १०:४८

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचते इथे, धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

विषय बाबांचा आहे. वय ६८. गेलं वर्षभर विसरायला लागलेत, म्हणजे चष्मा कुठे ठेवला टाइपचं नाही, एकच प्रश्न अर्ध्या तासात तीनदा विचारतात आणि तिसऱ्यांदा विचारतानाही चेहरा पहिल्यांदा विचारल्यासारखाच असतो. न्यूरोकडे नेलं, एमआरआय झाला, मग मेंदूचा पेट स्कॅन करायला लावला. रिपोर्टमध्ये लिहिलंय की मागच्या बाजूच्या काही भागांत ग्लुकोजचा वापर कमी दिसतोय. सोबत रक्ताचे रिपोर्ट होते, फास्टिंग शुगर १०५ आणि फास्टिंग इन्सुलिन १८. आमच्या फिजिशियननी पेनाने बाजूला ४.७ लिहिलं आणि म्हणाले इन्सुलिन रेझिस्टन्स आहे. डायबेटिस अजून नाही.

आता घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतंय, "मेंदूचा डायबेटिस". त्यात म्हटलंय की इन्सुलिन रेझिस्टन्समुळे मेंदूच्या पेशींची दारं बंद होतात, रक्तात साखर असून मेंदू उपाशी मरतो आणि त्यालाच विस्मरण म्हणतात. माझ्या भावाने ते इतकं मनावर घेतलंय की विचारू नका. मला वाचताना पटतं पण मग कळत नाही की उपाशी आहे तर साखर द्यायची का बंद करायची?? डॉक्टरांची पुढची अपॉइंटमेंट दहा दिवसांनी आहे. तोवर कोणी नीट समजावून सांगेल का, हे खरं आहे का?

वाचनमात्र_कधीकधी | सोमवार, रात्री ११:१५

जागा पकडून ठेवतो. आमच्या ग्रुपवर पण तेच फॉरवर्ड आलंय, खाली "पुढे पाठवा, एखाद्याचा मेंदू वाचेल" असं लिहिलेलं.

जुनाशाईपेन | मंगळवार, सकाळी ६:२०

पाऊलखुणा, आधी हे सांगतो की मी बाबांचा डॉक्टर नाही. बरीच वर्षं शरीरक्रियाशास्त्र शिकवलंय, त्या बळावर लिहितोय.

फॉरवर्डमधलं "दारं बंद होतात" हे वाक्य स्नायूंबद्दल बरोबर आहे, मेंदूबद्दल नाही. घोळ सगळा तिथे आहे. पेशीत ग्लुकोज आपोआप शिरत नाही, त्याला आत घेणारी प्रथिनं लागतात, त्यांना ग्लुट म्हणतात, नंबर दिलेत. स्नायूंत आणि चरबीत मुख्य असतं ते ग्लुट-४. हे एरवी पेशीच्या आत दडून बसलेलं असतं, इन्सुलिनने बाहेरून कडी वाजवली की वर पृष्ठभागावर येतं आणि साखर आत घेतं. रेझिस्टन्स म्हणजे कडी वाजते पण आतून कोणी हलत नाही, मग स्वादुपिंड आणखी जोरात वाजवतं, म्हणून तुमच्या बाबांचं इन्सुलिन १८. ते ४.७ पण तसंच आलंय, १०५ गुणिले १८ भागिले ४०५, होमा म्हणतात त्याला, रेझिस्टन्सचा अंदाज घ्यायचं १९८५ सालचं सूत्र आहे.

मेंदूचं तसं नाही. ब्लड-ब्रेन बॅरियरवर (रक्त आणि मेंदू यांच्यामधली भिंत) असतं ग्लुट-१ आणि न्यूरॉनवर (मेंदूच्या मुख्य पेशी) ग्लुट-३, आणि ही दोन्ही इन्सुलिनची वाट बघत नाहीत, कायम उघडी. ग्लुट-३ तर इतकं चिवट की आजूबाजूला साखर बरीच कमी झाली तरी ते ओढत राहतं. असं का, तर मेंदूला थांबणं परवडतच नाही. वजनाने शरीराच्या २ टक्के, पण आराम करत असताना शरीर जेवढी ऊर्जा वापरतं त्यातली साधारण २० टक्के एकटा खातो. दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम ग्लुकोज. आणि तुमच्या अख्ख्या रक्तात एका वेळी असतं किती? चार-पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. तो चमचा मेंदू तासाभरात संपवतो आणि लिव्हर मागून भरत राहतं. असल्या अवयवाचं दार इन्सुलिनच्या मर्जीवर ठेवलं असतं तर आपण कोणी इथे टाइप करायला शिल्लक नसतो.

एक उलटी परीक्षा करून बघा. स्वादुपिंडात इन्सुलिन बनवणारी गाठ होते काही लोकांना, इन्सुलिनोमा. त्यांच्यात इन्सुलिन रग्गड असतं. फॉरवर्डच्या हिशोबाने त्यांचा मेंदू तृप्त पाहिजे. प्रत्यक्षात ते बरळतात, फिट येते, बेशुद्ध पडतात, कारण बाकीचं शरीर साखर ओढून घेतं, लिव्हर नवी सोडत नाही आणि मेंदूसाठी उरत नाही. दुसरं टोक म्हणजे १९२२ च्या आधीची टाइप १ ची मुलं, इन्सुलिन जवळपास शून्य, हाडाचा सापळा झालेली, पण अगदी शेवटची अॅसिडोसिसची गुंगी येईपर्यंत आईबापांशी बोलत असायची.

कर्बोदक_बंद | मंगळवार, सकाळी ९:०५

सर, तुमच्याबद्दल आदर आहे पण हे जरा जुन्या पुस्तकातलं वाटलं. त्या मुलांच्या रक्तात कीटोन्स (चरबी जाळून बनणारं इंधन) ढिगाने होते, मेंदू त्यावर चालत होता, त्यामुळे ते उदाहरण बाद. दुसरं, मेंदूत इन्सुलिनचे रिसेप्टर आहेत हे १९७८ पासून माहीत आहे, ते काय शोभेला आहेत का? तिसरं, २०१५ मध्ये अमेरिकेत १५० लोकांवर केलेला अभ्यास आहे, साठीच्या आसपासची, विसरभोळेपणा नसलेली माणसं, ज्यांची होमा जास्त त्यांच्या पेट स्कॅनमध्ये ग्लुकोजचा वापर कमी. आणि चौथं, अल्झायमरने गेलेल्यांच्या मेंदूत ग्लुट-१ आणि ग्लुट-३ दोन्ही कमी सापडलेत. मग दार बंद होतं म्हटलं तर चुकलं कुठे?

मी स्वतः तीन वर्षं लो कार्ब करतोय आणि डोकं काचेसारखं स्वच्छ चालतं.

वाचनमात्र_कधीकधी | मंगळवार, सकाळी ९:११

काचेसारखं म्हणजे आरपार दिसतं का :)

जुनाशाईपेन | मंगळवार, दुपारी १:३०

कर्बोदक_बंद, कीटोन्सचा मुद्दा मान्य, उदाहरण मागे घेतो. चांगलं पकडलंत.

त्याच्या जागी दुसरं देतो, हे जास्त पक्कं आहे. बोस्टनच्या जोस्लिन डायबेटिस सेंटरमध्ये रोनाल्ड कान यांच्या प्रयोगशाळेत उंदीर तयार केले, २००० साली, त्यांच्या न्यूरॉनवरचा इन्सुलिन रिसेप्टरच काढून टाकलेला. म्हणजे रेझिस्टन्स सोडा, ऐकायला कानच नाही. दार इन्सुलिनचं असतं तर त्यांचा मेंदू पहिल्या दिवशी उपाशी पडायला हवा होता. २००४ मध्ये मोजून बघितलं तर मेंदूचा मूळ ग्लुकोज वापर तसाच, चक्रव्यूहातली आठवण पण तशीच. पण (आणि हा पण मोठा आहे) ते उंदीर लठ्ठ झाले, त्यांच्या शरीरात रेझिस्टन्स आला, प्रजनन बिघडलं आणि न्यूरॉनमधल्या टाऊ प्रथिनावर जादा फॉस्फेट चढलं, जे अल्झायमरमध्येही दिसतं. म्हणजे रिसेप्टर शोभेचे नाहीतच. फक्त त्यांचं काम साखर आत घेणं नाही, निरोप पोचवणं आहे. पोट भरलंय, साठा पुरेसा आहे, लिव्हरला सांगा साखर सोडू नको, या जोडणीला बळ दे, त्या जोडणीला नको, असले निरोप.

आता तुमचा तिसरा मुद्दा, कारण पाऊलखुणांच्या बाबांचा रिपोर्ट तिथेच येतो. पेट स्कॅनमध्ये "ग्लुकोजचा वापर कमी" म्हणजे मेंदूला मिळत नाहीये, की मेंदू मागतच नाहीये?

स्कॅनमध्ये देतात ते एफडीजी, ग्लुकोजचा किरणोत्सारी भाऊ म्हणा. माणसाच्या मेंदूत पहिल्यांदा १९७६ मध्ये वापरला, ब्रुकहेवनला बनवला आणि छोट्या विमानाने फिलाडेल्फियाला नेला, कारण दर ११० मिनिटांनी तो निम्मा होतो. हा त्याच दारांनी आत जातो, आत गेल्यावर त्याला पहिला फॉस्फेट लागतो आणि मग गाडी तिथेच अडकते, पुढच्या पायऱ्या त्याला जमत नाहीत. अडकलेला माल मोजायचा म्हणजे किती वापर चाललाय ते कळतं. पण ग्लुकोज सगळ्यात जास्त कोण खातं, तर न्यूरॉनमधल्या जोडण्या. कामगार निम्मे झाले की कँटीनमध्ये डबे कमी उठतात, त्यावरून कोणी कँटीन बंद आहे असं म्हणत नाही. अल्झायमरमध्ये जोडण्या आधी झडतात, मग वापर कमी दिसणारच. ग्लुट कमी सापडतात तेही कारण असू शकतं किंवा परिणाम. दारावर गर्दी नसली की दरवानही कमी करतात. मेलेल्या मेंदूकडे बघून कोण आधी गेलं ते ठरत नाही.

एक पुरावा तुमच्याच गोटातला. अल्झायमरच्या मेंदूत ग्लुकोजचा वापर कमी असतो पण कीटोन्स तो नेहमीसारखेच उचलतो, हे कॅनडात कनेन यांच्या गटाने मोजलंय. म्हणजे ग्लुकोजच्या वाटेत काहीतरी अडतंय, नुसती मागणी कमी झालेली नाही असं म्हणायला जागा आहे. ती मी नाकारत नाही. मी नाकारतोय ते इन्सुलिनने दार बंद केलं हे वाक्य.

साखरमोजणी | मंगळवार, दुपारी ३:४२

मेंदू उपाशी म्हणजे काय हे कोणाला खरंच बघायचं असेल तर मला विचारा. टाइप १, बावीस वर्षं झाली.

गेल्या महिन्यातली गोष्ट. कुलूप उघडायला चावी काढली आणि चावी हातात धरून उभी राहिले. चावी दिसतेय, कुलूप दिसतंय, दोघांचं एकमेकांशी काय नातं आहे तेच सुचेना. घाबरले पण नाही, नुसतंच बघत होते. मान घामाने ओली झालेली, ती शेजारच्या काकूंनी बघितली आणि त्यांना माहीत होतं म्हणून बॅगेतल्या ग्लुकोजच्या गोळ्या तोंडात कोंबल्या. मोजलं तर ४२. पंधरा ग्रॅम ग्लुकोज, पंधरा मिनिटं, आणि अचानक चावी परत चावी झाली. काकूंवर मी चिडले होते म्हणे, मला आठवत नाही.

तर उपाशी मेंदू हा असा असतो, मिनिटांत जातो आणि मिनिटांत येतो. बाबांचं वर्षभर हळूहळू चाललंय ते हे नाही. आणि ज्या दिवशी माझी शुगर ३०० असते त्या दिवशी चिडचिड होते, तहान लागते, डोकं जड, पण कुलूप उघडता येतं.

अवांतर: वारंवार लो झालं की शरीर इशारे द्यायचंच बंद करतं, घाम नाही, थरथर नाही, थेट डोकं जातं. डॉक्टर म्हणतात ७० च्या खाली गेलं की हलायचं आणि ५४ च्या खाली म्हणजे गंभीर. ज्यांच्या घरी म्हातारी माणसं इन्सुलिनवर किंवा साखर पाडणाऱ्या गोळ्यांवर आहेत त्यांनी "आज बाबा विचित्र बोलतायत" झालं की आधी बोट टोचा, मग बाकीचं.

जुनाशाईपेन | मंगळवार, दुपारी ४:१०

साखरमोजणी, चावीचं वर्णन वर्गात सांगायला हवं होतं मी. दंडवत.

तिरपी_मान | मंगळवार, सायंकाळी ६:५५

मला दुपारी जेवल्यावर जे डोकं बंद पडतं ते हेच का मग? इन्सुलिन वाढतं, मेंदूची साखर पळवतं वगैरे?

साखरमोजणी | मंगळवार, सायंकाळी ७:२०

बोट टोचून बघ एकदा त्या वेळी. बहुतेक ९०-१२० दिसेल, म्हणजे मेंदूला काही कमी नाही. दुपारची पेंग शरीराच्या घड्याळातच असते, न जेवताही येते.

अंधारी_खोली | मंगळवार, रात्री १०:०२

पेट सेंटरमध्ये काम करतो, रिपोर्ट लिहिणारा नव्हे, इंजेक्शन देऊन खोलीत झोपवणारा. दोन गोष्टी सांगायच्या होत्या.

मेंदूचा स्कॅन असेल तर आम्ही पेशंटला इंजेक्शनच्या आधीपासून अंधाऱ्या शांत खोलीत ठेवतो आणि नंतर अर्धा-पाऊण तास तसाच पडू देतो. मोबाईल नाही, गप्पा नाहीत, वाचन नाही. लोकांना वाटतं आम्ही खडूस आहोत. पण त्या वेळात जो भाग काम करेल तो एफडीजी ओढणार. मोबाईल बघत बसलात तर डोक्याची मागची बाजू, बघण्याची, ती जास्त पेटते. म्हणजे शाईपेन सर म्हणतात ते मी रोज डोळ्याने बघतो, काम तिथे साखर.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. इंजेक्शनच्या आधी आम्ही शुगर बघतो. रक्तात खरं ग्लुकोज जास्त असेल तर ते आणि एफडीजी एकाच दारावर धक्काबुक्की करतात आणि एफडीजी कमी आत जातो, चित्र फिकं येतं. प्रत्येक सेंटरची मर्यादा वेगळी, कोणी १५० धरतं कोणी २००. बरं, फिकं येतं तेही सगळीकडे सारखं नाही. स्मरणशक्ती ठणठणीत असलेल्या माणसांत नुसती साखर वाढलेली असताना स्कॅन केला तर मागच्या भागांत कमी दिसतं, अल्झायमरसारखी नक्षी, हे जपानी संशोधकांनी छापलंय. म्हणून पाऊलखुणा ताई, बाबांच्या रिपोर्टमध्ये वरच्या बाजूला इंजेक्शनच्या वेळची शुगर लिहिलेली असेल, ती किती आहे बघा.

आणि हो, इन्सुलिन देऊन साखर पाडून लगेच स्कॅन पण करत नाहीत, कारण मग एफडीजी सगळा स्नायूंत जातो, मांड्या चमकतात आणि मेंदू बिचारा फिका. स्नायूंचं दार इन्सुलिनचं आणि मेंदूचं नाही याचा याहून सरळ फोटो मिळणार नाही.

पाऊलखुणा | मंगळवार, रात्री ११:३६

रिपोर्ट काढून बघितला. १७२ लिहिलंय.

मला कळेना, सकाळी काही न खाता नेलं होतं बाबांना, मी स्वतः बरोबर होते. फास्टिंग १०५ येते त्यांची. मग १७२ कशी?

अंधारी_खोली | मंगळवार, रात्री ११:४८

ताण, सर्दीताप, स्टेरॉइडची गोळी, काहीही असू शकतं. पण बहुतेक वेळा कोणीतरी काहीतरी पाजलेलं असतं. घरात विचारा, रागावू नका, शांतपणे विचारा.

कर्बोदक_बंद | बुधवार, सकाळी ८:१५

ही शुगरची गोष्ट मला माहीत नव्हती. माझ्या २०१५ च्या अभ्यासात पण ज्यांची होमा जास्त त्यांची शुगर थोडी जास्त असणारच ना, मग त्यातला किती भाग खरा आणि किती धक्काबुक्कीचा... अभ्यास करणारे त्याचा हिशोब धरतातच म्हणा, पण तरी. विचार करतोय.

पण सर, एका गोष्टीचं उत्तर द्या. २०११ मध्ये फिनलंडच्या लोकांनी दाखवलंय की प्रीडायबेटिसवाल्यांना क्लॅम्प लावून (म्हणजे साखर एका पातळीवर धरून ठेवत) इन्सुलिन दिलं तर त्यांच्या मेंदूचा ग्लुकोज वापर वाढतो. निरोगी लोकांत वाढत नाही. तुमच्या हिशोबाने वाढायला नको.

जुनाशाईपेन | बुधवार, सकाळी ११:००

हा खरा अडचणीचा प्रश्न आहे आणि याचं एकमताचं उत्तर कोणाकडे नाही. एक अर्थ असा लावतात की निरोगी माणसात उपाशीपोटीचं थोडं इन्सुलिनही मेंदूतला परिणाम पूर्ण करायला पुरतं, तिथे आणखी ओतून फरक पडत नाही. रेझिस्टन्सवाल्यांत तो परिणाम अर्धवट राहिलेला असतो म्हणून ओतलं की वाढतो. २०१६ मध्ये उंदरांत दिसलं की न्यूरॉनवरचा नाही पण अॅस्ट्रोसाइटवरचा (न्यूरॉनची देखभाल करणाऱ्या पेशी) इन्सुलिन रिसेप्टर काढला तर साखर मेंदूत कमी शिरते. म्हणजे दार इन्सुलिनचं नसलं तरी दाराशी जाणारा रस्ता रुंद-अरुंद करण्यात त्याचा हात असावा. तुमच्या बाजूचा आणखी एक देतो, येलमध्ये २०१७ ला बघितलं की लठ्ठ आणि टाइप २ वाल्यांच्या रक्तात साखर मुद्दाम चढवली तर मेंदूतली साखर सडपातळ लोकांत चढते तेवढी चढत नाही. पण हे मेंदूने स्वतःला वाचवायला केलेलं आहे की बिघाड आहे, कोण सांगणार. सतत पूर येणाऱ्या गावात लोक उंबरे उंच करतात.

आणि आता मला सगळ्यात आवडणारा भाग, जो फॉरवर्डमध्ये कधीच येत नाही. लांबलेल्या उपवासात शरीर स्वतःहून इन्सुलिन रेझिस्टंट होतं. मुद्दाम. स्नायूंनी दारं लावून घ्यायची, चरबी जाळायची आणि जी काय साखर आहे ती मेंदूसाठी सोडायची. गरोदरपणातही तेच, आईचे स्नायू कमी घेतात, बाळाकडे जास्त जाते. म्हणजे स्नायूंचा इन्सुलिन रेझिस्टन्स ही मुळात मेंदूला उपाशी मारणारी नव्हे, मेंदूला जगवणारी युक्ती आहे. भरल्या पोटी, वर्षानुवर्षं तीच चालू राहिली की रोग.

उपवासावर केहिल आणि ओवेन यांचं १९६७ चं काम आहे, पाच-सहा आठवडे उपाशी राहिलेल्या लठ्ठ माणसांच्या मेंदूत येणारं आणि बाहेर पडणारं रक्त मोजलं तर निम्म्याहून जास्त ऊर्जा कीटोन्समधून येत होती. कर्बोदक_बंद, हे तुमचं तीर्थक्षेत्र असणार :)

कर्बोदक_बंद | बुधवार, सकाळी ११:२०

फ्रेम करून लावलंय भिंतीवर. गंमत सोडा, रक्तात साखर असून मेंदू उपाशी हा आजार खरंच आहे, ग्लुट-१ डेफिशियन्सी, १९९१ मध्ये डी व्हिवो यांनी सांगितलेला. लहान मुलांना फिट येतात, रक्ताची साखर नॉर्मल, पाठीच्या मणक्यातल्या पाण्यात मात्र कमी. कीटो डाएट दिलं की फरक पडतो कारण कीटोन्सचं दार वेगळं. त्यात इन्सुलिनचा काही संबंध नाही हे मान्य करतो, तुम्ही म्हणायच्या आधीच.

तिरपी_मान | बुधवार, दुपारी १२:४०

मग साध्या माणसाने काय समजायचं, रेझिस्टन्सचा आणि विसरण्याचा संबंध आहे का नाही?

जुनाशाईपेन | बुधवार, दुपारी २:१५

आहे. उपासमारीचा नाही, एवढंच. टाइप २ डायबेटिस असलेल्यांना डिमेन्शियाचा धोका जास्त हे नक्की, लॅन्सेट कमिशनच्या २०२४ च्या यादीत टाळता येण्यासारखी १४ कारणं आहेत त्यात डायबेटिस आहे. वाटा अनेक आहेत. सगळ्यात भरवशाची मला वाटते ती रक्तवाहिन्यांची. इन्सुलिनच्या निरोपावर बारीक वाहिन्या सैल होतात, निरोप पोचेनासा झाला की त्या आखडतात, वर बीपी, कोलेस्टेरॉल, आणि मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागात बारीक बारीक नुकसान साठत जातं. दुसरी अशी की रक्तात इन्सुलिन कायम जास्त राहिलं की ते बॅरियर ओलांडून नेणारी यंत्रणा मंदावते, म्हणजे बाहेर महापूर आणि आत निरोप्या पोचतच नाही. तिसरी, इन्सुलिन मोडणारं एन्झाइमच अमायलॉइडही (अल्झायमरमध्ये मेंदूत साठणारं प्रथिन) मोडतं, ते एका कामात अडकलं की दुसरं तुंबतं अशी एक कल्पना आहे, मला ती जरा जास्तच सुबक वाटते. २०१२ मध्ये अल्झायमरने गेलेल्या, डायबेटिस नसलेल्या लोकांच्या मेंदूच्या तुकड्यांवर इन्सुलिन टाकून बघितलं तर ते तुकडे नीट प्रतिसाद देत नव्हते. म्हणजे मेंदूचा स्वतःचा रेझिस्टन्स असतो, शरीराचा नसतानाही. अल्झायमरला "टाइप ३ डायबेटिस" हे नाव २००५ चं, संशोधकांनीच दिलेलं, पण कुठल्याही अधिकृत वर्गीकरणात ते नाही आणि मला विचाराल तर नावाने नुकसानच जास्त केलंय.

वाचनमात्र_कधीकधी | बुधवार, दुपारी ३:०५

मग नाकातून इन्सुलिनचा फवारा मारतात म्हणे ते? थेट मेंदूत?

अंधारी_खोली | बुधवार, रात्री ९:३०

तो प्रयोग झाला, २०२० ला निकाल छापला, २८९ लोक, वर्षभर. फवाऱ्याचं एक यंत्र नीट चाललं नाही म्हणून मधेच बदलावं लागलं, आणि शेवटी मुख्य तुलनेत फायदा नाही. २०११ मध्ये अॅकॉर्ड नावाच्या ट्रायलवाल्यांनी टाइप २ च्या लोकांत साखर कडक आवळून बघितली, ४० महिन्यांनी स्मरणशक्तीत फरक नाही, आणि त्याच मोठ्या ट्रायलमध्ये कडक गटात मृत्यू जास्त झाले म्हणून तो भाग २००८ मध्येच थांबवलेला. सेमाग्लुटाइडच्या (डायबेटिसचं औषध) गोळीवर पण सगळ्यांचा डोळा होता, नोव्हेंबर २०२५ मध्ये कंपनीनेच सांगितलं की सुरुवातीच्या अल्झायमरमध्ये ऱ्हास मंदावला नाही. दार उघडा की मेंदू पळायला लागेल इतकं सोपं असतं तर यातलं एक तरी चाललं असतं.

साखरमोजणी | बुधवार, रात्री ९:५५

म्हणून कोणी व्यायाम सोडू नका हां. हललेला स्नायू इन्सुलिनशिवायही साखर आत घेतो, ग्लुट-४ त्याला स्वतःच वर आणता येतं. माझ्या मीटरवर अर्ध्या तासाच्या चालण्याचा आकडा दिसतो रोज.

पाऊलखुणा | पुढचा गुरुवार, रात्री ८:४४

धागा वर काढतेय. सगळ्यांचे प्रतिसाद प्रिंट काढून वाचले, शाईपेन सरांचे दोनदा.

आधी कबुलीजबाब, माझा नव्हे, भावाचा. स्कॅनच्या दिवशी मी पार्किंगची पावती घ्यायला उतरले तेवढ्यात त्याने बाबांना बाटलीभर ग्लुकोजचं पाणी पाजलं. का, तर "मेंदू उपाशी असताना स्कॅन केला तर वाईटच येणार ना". फॉरवर्ड वाचून! सांगताना त्याचा चेहरा इतका पडला होता की रागावता पण आलं नाही. बाबा शेजारीच बसले होते, ते म्हणाले "मी सांगणार होतो, विसरलो" आणि स्वतःच हसले. आम्हाला कळेना हसायचं की नाही.

न्यूरोला सगळं सांगितलं. ते आधी गप्प बसले, मग रिपोर्टवरच्या १७२ भोवती गोल केला. म्हणाले स्कॅन पूर्ण रद्द धरत नाही पण त्याच्या जोरावर निदान पण लिहिणार नाही. बी-१२ आणि थायरॉइड राहिले होते ते करायला सांगितले, स्मरणशक्तीची सविस्तर चाचणी वेगळ्या दिवशी, आणि स्कॅन परत करायचा का ते त्यानंतर ठरवू. रेझिस्टन्ससाठी मेटफॉर्मिन फिजिशियननी चालू केलंय, बीपीची गोळी पण बदलली.

अंधारी_खोली, परत स्कॅन ठरलाच तर मेटफॉर्मिन बंद ठेवायचं का आधी?

अंधारी_खोली | पुढचा गुरुवार, रात्री ९:१७

मेटफॉर्मिनने आतड्यात एफडीजी जास्त जमतो, पोटाच्या स्कॅनला त्याचा त्रास होतो, मेंदूला तितकासा नाही. तरी तुमच्या सेंटरला फोन करून विचाराच, मनाने बंद करू नका. किमान चार ते सहा तास पोट रिकामं, पाणी चालेल, साधं पाणी. बाबांना जरा लवकर आणा म्हणजे धावपळ होत नाही. इंजेक्शननंतर खोलीत बाबा एकटेच पडतील, ते विसरून उठायला बघत असतील तर आधी सांगा, आम्ही कोणीतरी दाराशी बसतो.

आणि बाटली गाडीत ठेवू नका, भाऊ ठेवला तरी चालेल.